कागदाविना अफगाण: पाकिस्तान आणि इराणमधल्या रोजच्या जगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२३ ऑक्टोबर २०२३ला चेन्नईत विश्वचषकाच्या सामन्यात अफगाणिस्तानने पाकिस्तानला हरवलं. सामनावीर इब्राहिम झदरानने आपला पुरस्कार पाकिस्तानातून परत पाठवल्या जाणाऱ्या अफगाणांना अर्पण केला. दोन आठवड्यांनी त्याच झदरानने वानखेडेवर नाबाद १२९ धावा काढल्या, पण त्या दिवशी मॅक्सवेलने २०१ केल्या आणि बाकी सगळं त्याखाली झाकलं गेलं. ज्यांना तो पुरस्कार अर्पण केला होता ती माणसं त्याच आठवड्यात ट्रकमध्ये सामान भरून पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या तोरखमच्या फाटकावर रांगेत उभी होती. या विषयावर बोलणं निघालं की मला साधारण हेच प्रश्न विचारले जातात. काही कुतूहलाचे, काही रागाचे. दोन्ही घेतले आहेत.

आधी हे सांगा, अफगाण म्हणायचं की अफगाणी?

मराठीत दोन्ही चालतं. त्यांच्याकडे अफगाणी हे चलनाचं नाव आहे, रुपयासारखं. इराणमध्ये मात्र ‘अफगानी’ हा शब्द रस्त्यावर हिणवायला वापरतात, म्हणून मी अफगाण लिहितो. ते स्वतःला बहुतेक वेळा ‘मुहाजिर’, म्हणजे घरदार सोडून आलेले, म्हणवतात. इराणमधल्या बिनकागदाच्या माणसाला फारसीत ‘बी-मद्रक’ म्हणतात, आणि हद्दपारीला ‘रद्द-ए-मर्ज’, म्हणजे सीमेपार परत. ‘काल रद्द-ए-मर्ज झाला’ हे वाक्य तिथल्या अफगाण घरांत आपल्याकडच्या ‘काल बदली झाली’ इतक्या सहज कानावर पडतं.

हे लोक तिथे गेले तरी कधी?

लाटांनी गेले. डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पहिला मोठा लोंढा निघाला. १९९०च्या सुमारास पाकिस्तान आणि इराण मिळून साठ लाखांच्या आसपास अफगाण होते. पुढे मुजाहिदीन गटांची आपसातली लढाई झाली, १९९६ला तालिबानने काबूल घेतलं, २००१ला अमेरिकेचं युद्ध सुरू झालं. मध्ये २००२नंतर लाखो लोक आशेने परतलेही. मग १५ ऑगस्ट २०२१ला काबूल पुन्हा तालिबानकडे गेलं आणि ताजी लाट आली. तिच्यात सैनिक, न्यायाधीश, पत्रकार, शिक्षिका, गायक-वादक असे लोक बरेच होते.

म्हणजे कालपरवा कुंपण ओलांडून आलेला माणूस हे चित्र अर्धवट आहे. पेशावरच्या बोर्ड बाजारात आज जो पन्नाशीचा माणूस नान भाजतो, तो आईच्या कडेवर बसून आलेला असू शकतो. त्याची मुलं तिथली, नातवंडं तिथली. अफगाणिस्तानचं क्रिकेटच मुळी पेशावरच्या आसपासच्या निर्वासित छावण्यांत शिकलेलं आहे. मोहम्मद नबी वाढला तो पेशावरला.

पाकिस्तानात कोणाकडे कुठला कागद असतो?

हे जरा किचकट आहे, पण सगळं जगणं यावरच टांगलेलं असल्यामुळे थांबून सांगतो.

पहिलं पीओआर कार्ड, म्हणजे नोंदणीचा पुरावा. २००६-०७मध्ये ‘नाद्रा’ या ओळखपत्र देणाऱ्या सरकारी संस्थेने वीस लाखांवर अफगाणांची नोंद करून ही कार्डं दिली. मुदत संपायची, वाढायची, पुन्हा संपायची. कधी वर्षभराने, कधी काही महिन्यांनी. दुसरं अफगाण सिटिझन कार्ड, ज्याला सगळे एसीसी म्हणतात. ते २०१७मध्ये सुरू झालं आणि आठ लाखांहून अधिक लोकांकडे आलं. तिसरा गट व्हिसावर आलेल्यांचा, त्यातही बहुतेक २०२१नंतरचे. व्हिसा संपला आणि नूतनीकरण झालंच नाही असे यात पुष्कळ. चौथ्या गटाकडे काहीच नाही.

३ ऑक्टोबर २०२३ला तेव्हाचे काळजीवाहू गृहमंत्री सर्फराज बुगटी यांनी जाहीर केलं की बिनकागदाच्या परदेशी लोकांनी १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडावा. सरकारच्या हिशेबाने असे अफगाण १७ लाख होते. त्या वर्षाअखेरपर्यंत पाच लाखांच्या आसपास लोक परतले, आणि त्यातले बहुतेक पकडले जाण्याआधीच, धास्तीने निघाले. मग पाळी एसीसीवाल्यांची आली, त्यांना ३१ मार्च २०२५ची तारीख मिळाली. मग पीओआरवाल्यांची: कार्डांची मुदत ३० जून २०२५ला संपली, ती वाढवली नाही, आणि १ सप्टेंबरपासून त्यांनाही पाठवणं सुरू झालं.

बेकायदा राहिले तर देश बाहेर काढणारच. यात चूक काय?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा. वरच्या तारखा पुन्हा पाहा. पीओआर कार्ड असलेला माणूस ३० जूनला कायदेशीर होता आणि पुढच्या तारखेला नव्हता. मधल्या रात्री त्याने काही केलं नाही. त्याने मुदतवाढीचा अर्ज विसरलेला नाही, तो अर्ज घेणारी खिडकीच बंद झाली. एसीसीवाल्याचं तेच, आणि इराणमध्येही तेच झालं. या लोकांचं बेकायदेपण पाहताना त्याची सुरुवात कुठल्या तारखेला झाली आणि ती तारीख कोणी ठरवली, एवढं तरी विचारावं, इतकंच माझं म्हणणं.

चोरून सीमा ओलांडणारे आहेतच. ते मी नाकारत नाही. पण फाटकावरच्या रांगेत त्यांच्या पुढेमागे उभा असलेला माणूस कित्येकदा सतरा-अठरा वर्षं कार्ड बाळगून असतो.

जाता जाता: पाकिस्तानात ज्या कायद्याखाली हे खटले चालतात तो फॉरेनर्स ॲक्ट १९४६ सालचा, इंग्रजांच्या काळातला आहे. भारतातही तोच कायदा लागू होता, तो १ सप्टेंबर २०२५ला नव्या कायद्याने गेला.

त्यांचा साधा दिवस कसा जातो?

कामापासून सुरुवात करू, कारण दिवस तिथूनच सुरू होतो. कराचीत सोहराब गोठच्या बाजूला, अल-आसिफ स्क्वेअरच्या आसपास अफगाणांची जुनी वस्ती आहे. कचरा वेचणारी पोरं पहाटे पाठीवर गोण्या टाकून बाहेर पडतात. कराची, लाहोर, इस्लामाबादच्या भंगाराच्या धंद्यातला फार मोठा भार या पोरांच्या पाठीवर आहे. मोठी माणसं वीटभट्टीवर, भाजी मंडईत हमालीला, तंदूरवर, फळांच्या गाडीवर. नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणारे वेगळेच. गालिचे विणणं घरातच चालतं, त्यात बायका आणि मुलं असतात.

आता यात धाक मिसळा. नाक्यावर उभं राहायचं म्हणजे पोलिसांच्या नजरेसमोर उभं राहायचं, आणि न राहायचं म्हणजे आजची मजुरी बुडवायची. घरातून निघताना रस्ता ठरवावा लागतो: कुठल्या चौकात नाकाबंदी आहे, कुठल्या फाट्यावर आज गाडी उभी आहे, हे फोनवर एकमेकांना कळवलं जातं. बस टाळायची, कारण ती थांबवून सगळ्यांची ओळखपत्रं पाहतात. खिशात थोडे पैसे ठेवायचे, म्हणजे ‘चहापाणी’ देऊन सुटता येईल. जास्त ठेवायचे नाहीत, कारण मग सगळेच जातात. कार्ड असेल तर तेही जपून दाखवायचं. पोलिसांनी कार्ड काढून घेतल्याच्या, फाडून टाकल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या आहेत. एकदा कार्ड गेलं की ते होतं हे सिद्ध कशाने करणार?

मालकाने आठवड्याची मजुरी बुडवली तर पोलिसात जायचा प्रश्नच येत नाही. मालकालाही ते ठाऊक असतं. दुखणं अंगावर काढायचं. बाळंतपण शक्यतो घरीच, नाहीतर दवाखान्यात कोणी कागद मागितला तर? फोनचं सिमकार्ड कुणा ओळखीच्या पाकिस्तान्याच्या नावावर, मोटरसायकल दुसऱ्याच्या नावावर, दुकान तिसऱ्याच्या. या उसन्या नावांवर लोकांनी तीस-चाळीस वर्षं धंदे चालवले. निघायची वेळ आली तेव्हा ते सगळं ज्याच्या नावावर होतं त्याच्याकडे राहिलं. काहींनी इमानाने पैसे दिले, काहींनी हात वर केले.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून लक्षात येत नाही. पेशावरमध्ये पश्तोभाषक अफगाण गर्दीत सहज मिसळतो, कारण तिथले लोकही पश्तूनच. फारसीची बहीण असलेली दरी बोलणारा मात्र तोंड उघडलं की उघडा पडतो, आणि वेगळ्या चेहरेपट्टीच्या हजारा समाजातला असेल तर चेहऱ्यावरूनच. उलट कराचीत असंही होतं की अस्सल पाकिस्तानी पश्तूनाला अफगाण समजून अडवतात आणि त्याला आपलं पाकिस्तानीपण सिद्ध करत बसावं लागतं.

त्यांना घर भाड्याने मिळतं का?

मिळायचं. मग सरकारने घरमालकांना तंबी दिली की बिनकागदाच्या अफगाणांना जागा दिली तर तुमच्यावर कारवाई होईल. एका रात्रीत भाडेकरू ओझं झाला. पोलीस दारात यायच्या आधी घरमालकच यायला लागला, आणि तोही बिचारा घाबरलेलाच. काही कुटुंबं दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदलत राहिली. इस्लामाबादमध्ये काहींनी बागेत तंबू ठोकले.

इराणमध्ये घराचा प्रश्न पैशाच्या अंगाने जास्त झोंबतो. तिथे ‘रहन’ नावाची पद्धत आहे. मुंबईतल्या वाचकांना लगेच कळेल: आपलं हेवी डिपॉझिट. मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवायची, भाडं कमी किंवा शून्य, जागा सोडताना रक्कम परत. गरीब अफगाण कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई या रहनमध्ये अडकलेली असते. २०२५च्या उन्हाळ्यात लोकांना दोन-चार दिवसांत बाहेर पडावं लागलं, तेव्हा घरमालक म्हणाला, पैसे नंतर घ्या. नंतर म्हणजे कधी, आणि सीमेपलीकडून कसे?

इराणमध्ये काय वेगळं आहे?

बरंच. पाकिस्तानने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (भारतानेही नाही), इराणने केलेली आहे. पण इराणने अफगाणांना छावण्यांत फार ठेवलं नाही, ते शहरांत आणि कामाच्या जागी विखुरले. मशहदच्या गुलशहर भागात तर अफगाणांचं अख्खं गावच वसलं आहे. २००३पासून ‘आमायश’ नावाचं कार्ड मिळायला लागलं, पण ते जुन्या लोकांना. नंतर आलेल्यांना ते दार बंद होतं. कार्ड असलं तरी कित्येक प्रांतांत पाऊल ठेवायची बंदी, आणि काम करायचं ते ठरावीक यादीतलं: बांधकाम, वीटभट्टी, शेती, कचरा, दगडफोड. इमारतींच्या तळघरात राहून रखवाली करणारा ‘सरायदार’ तेहरानमध्ये बहुतेक वेळा अफगाण असतो. बी-मद्रक माणसाला बँकेत खातं नाही, स्वतःच्या नावावर सिम नाही, गाडी चालवायचा परवाना नाही. तरुण पोरं तेहरानी बोलण्याची लकब इतकी अंगी बाणवतात की घरी आजीशी दरीत बोलायचं आणि दाराबाहेर पाऊल टाकताना जीभ बदलायची, याची सवयच होते.

एक गोष्ट इराणच्या बाजूने नोंदवायला हवी. २०१५मध्ये खामेनेईंनी फर्मान काढलं की कागद असो-नसो, अफगाण मुलांना शाळेत घ्या. हजारो मुलं त्यामुळे वर्गात बसली. सगळ्याच शाळांनी ते मनापासून पाळलं असं नाही, पण शेजारच्या कितीतरी देशांनी एवढंही केलं नव्हतं.

२०२२मध्ये सरकारने बिनकागदाच्या अफगाणांची शिरगणती केली. सुमारे २६ लाख लोक नोंदवायला आले आणि त्यांना एकेक चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी म्हणजे तात्पुरतं कवच. मार्च २०२५मध्ये, नवरोजच्या म्हणजे इराणी नववर्षाच्या तोंडावर, तिची मुदत संपली. ६ जुलैपर्यंत निघून जा असं सांगण्यात आलं. जे लपून राहिले असते त्यांनी स्वतःहून येऊन नाव-पत्ता दिला होता, आणि आता तीच यादी सरकारच्या हातात होती.

मग १३ जूनला इस्रायलचे हल्ले सुरू झाले आणि बारा दिवस युद्ध चाललं. अफगाण हेर आहेत, ड्रोनसाठी मदत करतात, अशी चर्चा उठली. नाकाबंद्या वाढल्या. जुलैच्या सुरुवातीला एकेका दिवशी चाळीस-पन्नास हजार माणसं इस्लाम कलाच्या फाटकातून हेरात प्रांतात उतरत होती. त्या एका वर्षात इराणमधून पंधरा लाखांहून अधिक लोक परतले.

पकडल्यावर नेमकं काय होतं?

इराणमध्ये बांधकामावरून, मेट्रो स्टेशनच्या बाहेरून, कधी घरातून उचलतात. अंगावर कामाचे कपडे, हाताला सिमेंट. घरच्यांना कळतं ते रात्री माणूस आला नाही म्हणून. तिथून ‘ओर्दूगाह’, म्हणजे ताब्यातल्या लोकांची छावणी. मशहदच्या बाजूला सफेद-संगची छावणी त्यातली नावाजलेली. तिथून बसने सीमेवर. या बसचे पैसे पकडलेल्या माणसाकडूनच घेतल्याच्या तक्रारी सर्रास आहेत. बाप एका फाटकातून पाठवला गेला आणि बायको-मुलं मागे राहिली, असंही होतं. एकटी मुलं सीमेवर उतरलेली सापडतात.

पाकिस्तानात खैबर खिंडीच्या वाटेवर लंडीकोतलला केंद्र आहे, तिथे बोटांचे ठसे, फोटो आणि मग तोरखम. बलुचिस्तानातून जाणारे चमनला जातात, पलीकडे स्पिन बोल्दक.

वर म्हटलं तसं, पकडले जाऊन जाणाऱ्यांपेक्षा ‘आपणहून’ जाणाऱ्यांचा आकडा सरकारी कागदांत मोठा असतो. घरमालकाने काढलं, मुलाला दोनदा ठाण्यात नेलं, काम सुटलं, मग माणूस ट्रक ठरवतो. हे आपणहून म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

सोबत काय नेता येतं?

२०२३मध्ये तोरखमवर एका कुटुंबाला पन्नास हजार पाकिस्तानी रुपयेच रोख नेता येतील असा नियम होता. आयुष्यभराची पुंजी आणि पन्नास हजार. बाकीचे पैसे हवालाने पाठवायचे, नाहीतर सोन्यात घालायचे, नाहीतर शेजाऱ्याकडे ठेवायचे. जनावरं आणि माल नेण्यावरही अडचणी आल्या, म्हणून शेळ्या-गाई निम्म्या भावात विकल्या गेल्या. खरेदीदाराला घाई नव्हती, विकणाऱ्याला होती.

ट्रकवर मात्र एक गोष्ट हमखास दिसायची: लाकडी तुळया, दारं, खिडक्यांच्या चौकटी. मातीच्या भिंती सोडून लोकांनी घराचं लाकूड उपटून सोबत घेतलं. अफगाणिस्तानात लाकूड महाग, आणि पलीकडे पहिली गरज छपराची. त्या ढिगावर पलंग, पलंगावर गाद्या, गाद्यांवर आजी आणि नातवंडं.

जन्म तिथला असेल तर नागरिकत्व मिळत नाही का?

पाकिस्तानचा १९५१चा नागरिकत्व कायदा वाचला तर मिळायला हवं. देशात जन्मलेला तो नागरिक असं कलम ४ म्हणतं, काही अपवाद सोडून. प्रत्यक्षात अफगाणांना ते लागू करत नाहीत. सप्टेंबर २०१८मध्ये पंतप्रधान इम्रान खान यांनी कराचीत जाहीर केलं होतं की इथे जन्मलेल्या अफगाणांना पासपोर्ट देऊ. गदारोळ झाला आणि ते बारगळलं.

दुसरी बाजू अशी की या मुलांकडे अफगाण ‘तजकिरा’, म्हणजे त्यांचं राष्ट्रीय ओळखपत्रही नसतं. ज्या देशात परत पाठवतात तिथल्या नोंदीत ते नाहीतच. काबूल त्यांनी फोनवर पाहिलेलं असतं.

आता तिकडे युद्ध संपलंय. मग जायला काय हरकत?

गोळीबार कमी झाला, हे खरं. लघमान किंवा कंदाहारकडच्या काही म्हाताऱ्यांना मनापासून परत जायचंही आहे, ‘वतन’ हा शब्द ते डोळ्यांत पाणी आणून उच्चारतात. पण कुठे जायचं? चाळीस वर्षांपूर्वी सोडलेली जमीन चुलत्यांनी कसायला घेतलेली. काम नाही. २०२५ या एकाच वर्षात इराण आणि पाकिस्तानमधून मिळून पंचवीस लाखांहून जास्त माणसं परतली. तेही परदेशी मदत आटलेली असताना, अमेरिकेचा निधी बंद झालेला असताना. सीमेवर तोरखमला उमरी छावणीत दोन-चार दिवस तंबू, थोडी रोकड, मग ज्याचं त्याने पाहायचं.

त्यात निसर्ग. ३१ ऑगस्ट २०२५च्या रात्री कुनारमध्ये ६ तीव्रतेचा भूकंप झाला, २,२०० हून अधिक लोक गेले. पीओआरवाल्यांना पाठवायची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती. ती पुढे ढकलली गेली नाही. त्याआधी १९ ऑगस्टला हेरातजवळ इराणहून परतणाऱ्यांची बस ट्रकला धडकून पेटली, सत्तरहून अधिक जण जळाले. त्यांत लहान मुलं होती.

आणि ज्यांनी जुन्या सरकारच्या सैन्यात, पोलिसांत, कोर्टात काम केलं त्यांचं भय वेगळं आहे. अशा माणसाला जिवाचा धोका असेल तिथे परत ढकलायचं नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जुना संकेत आहे. करारावर सही नसली तरी तो पाळावा असं मानलं जातं. फाटकावर मात्र कोण कुठल्या कारणाने पळाला होता हे विचारत बसायला वेळ कोणाकडे असतो?

बायकांसाठी काय बदलतं?

तोरखमचं फाटक ओलांडताना आठवीतल्या मुलीची शाळा संपते. अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही. डिसेंबर २०२२पासून विद्यापीठंही बंद. पेशावरला शिकवणाऱ्या बाईची नोकरी संपते. नवरा नसलेली बाई लांबचा प्रवास ‘महरम’, म्हणजे जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय करू शकत नाही, घर भाड्याने घेताना अडते, काम शोधताना अडते. तेहरानमध्ये शिवणकाम करून चार मुलं वाढवणाऱ्या विधवेला हेरातमध्ये काय वाट आहे, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

पाकिस्तान-इराणने तरी किती वर्षं सांभाळायचं?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकणाऱ्यांशी माझं पटत नाही. या दोन देशांनी चार दशकं लाखो माणसं ठेवली. श्रीमंत देशांनी त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं केलं नाही. पाकिस्तानला ‘पाकिस्तानी तालिबान’ या संघटनेचे हल्ले सोसावे लागतात; २०२३मधल्या २४ आत्मघाती हल्ल्यांपैकी १४ अफगाण नागरिकांनी केले, असा दावा बुगटींनी केला होता. इराणवर निर्बंध आहेत, पाणी कमी, बेकारी जास्त, आणि पाव-इंधनावरचं अनुदान परक्यांना जातं हा राग तिथल्या सामान्य माणसाच्या मनात आहे.

पण बॉम्ब ठेवणारा आणि कचरा वेचणारा एकाच कार्डाच्या मुदतीने मोजले, की पहिला सापडत नाही आणि दुसरा हमखास सापडतो. चमनचं उदाहरण घ्या. तिथे ‘लघरी’ नावाचे मजूर रोज पाठीवर माल घेऊन सीमा ये-जा करत. साधं ओळखपत्र पुरे असे. २०२३च्या शेवटी पासपोर्ट-व्हिसा सक्तीचा केला, तेव्हा धरणं धरून बसले ते चमनचेच पाकिस्तानी रहिवासी, तेही कित्येक महिने. १८९३ साली ओढलेली ड्युरंड रेषा, म्हणजे हीच सीमा, त्यांच्या घरांमधून आणि कबरस्तानांमधून जाते.

ती हिरव्या डोळ्यांची मुलगी, तिचं काय झालं?

शरबत गुला. १९८४मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत काढलेला तिचा फोटो पुढच्या वर्षी नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर भिंतींवर लागला. ऑक्टोबर २०१६मध्ये तिला पेशावरमध्ये अटक झाली, खोटं पाकिस्तानी ओळखपत्र बाळगल्याबद्दल. पंधरा दिवसांची कैद, दंड, मग तोरखममार्गे हद्दपारी. काबूलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वागत केलं. २०२१मध्ये तालिबान आल्यावर इटलीने तिला आसरा दिला. जगातला सर्वांत ओळखीचा निर्वासित चेहरा, आणि ओळखपत्राच्या गुन्ह्यात आत गेला.

अमेरिका-युरोपला जायचे म्हणून थांबलेले लोक कोण?

अमेरिकी किंवा जर्मन फौजांसाठी, संस्थांसाठी काम केलेले, ज्यांना ‘आम्ही तुम्हाला नेतो, तोवर पाकिस्तानात थांबा’ असं सांगितलं गेलं. ते इस्लामाबादच्या गेस्टहाउसमध्ये थांबले. व्हिसा संपले. बाहेर पडताना दंड म्हणून पाकिस्तानने आधी ८३० डॉलर मागितले, ओरड झाल्यावर ४००. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी निर्वासितांचा कार्यक्रमच थांबवला, तेव्हा काहींची विमानाची तिकिटं निघालेली होती. जर्मनीने तर हद्दपारीची विमानं थेट काबूलला नेली: ऑगस्ट २०२४मध्ये २८ जण, जुलै २०२५मध्ये ८१. गुन्हे सिद्ध झालेले लोक, असं सांगण्यात आलं.

भारतात, पुण्यात अफगाण आहेत त्यांचं काय?

दिल्लीत लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर या भागांत अफगाण राहतात. रुग्णालयांत दुभाष्याचं काम, नानच्या भट्ट्या, प्रवासी एजन्सी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असतं, पण त्यावर आधार किंवा बँक खातं मिळत नाही. २०१९च्या नागरिकत्व सुधारणेत अफगाण हिंदू-शीख येतात, तेही २०१४अखेर आलेले असतील तर; मुसलमान अफगाण येत नाहीत.

पुण्यात ओळख विद्यार्थ्यांची. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकायला अफगाण मुलं-मुली वर्षानुवर्षं येत आली. ऑगस्ट २०२१मध्ये भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले, त्यात सुट्टीला घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. इकडे असलेल्यांना घरून पैसे यायचे थांबले. पाकिस्तानसारखी धरपकड इथे झाली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पदवी संपली की व्हिसा संपतो, ही टांगती तारीख त्यांनाही आहे.

पाठवलेले लोक पुन्हा येतात का?

येतात. इराणला तर हमखास. निमरोझ प्रांतातल्या झरंजपासून वाळवंटातून, पाकिस्तानच्या माशकेलवरून इराणच्या सरावानकडे पिकअप गाड्या जातात. एकेका गाडीत माणसं अशी कोंबलेली की कडेची पोरं दोरीला धरून बसतात. पैसे आधी द्यायचे नसतात. ते सराफाकडे, म्हणजे हवाला करणाऱ्याकडे ठेवायचे किंवा तिकडच्या नातेवाइकाने हमी घ्यायची, आणि माणूस पोहोचल्याचा फोन आला की तस्कराला मिळतात. नाहीतर तिकडे काम करून, पहिल्या काही महिन्यांच्या मजुरीतून फेडायचे. म्हणून वाटेत पकडला जाऊन परत आलेला मुलगा आधी सराफाकडे फोन करतो, मग आईला.